मधातला अंधार

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज मला तुम्हाला काजव्यांचं विचारायचंय. दुसऱ्या कुणाला विचारलं तर हसतील.

सौंसरच्या शाळेतून सायकलीनं रामाकोन्याला यायचे तुम्ही. चहा झाला की मला घेऊन संत्र्याच्या बगीच्यामागच्या नाल्यावर. मी एकदा बाटलीत पाच काजवे भरले तर केवढे चिडलात! "बाटलीतला काजवा कोन्त्या जातीचा, हे देवालेही नाही सांगता येत." मग मी उडणाऱ्यांच्या चमका मोजायला लागले, तर माझ्या तळहातावर बोट ठोकून म्हणता, "अवं, उजेड काय मोजून राहिली? दोन चमकांच्या मधातला अंधार मोज." मी मोजते. एक, दोन, चमकला. हा झाडाच्या शेंड्यावरचा, घाईचा. एक, दोन, तीन, चार. हा गवतावरून खाली खाली उडणारा, वेगळ्या जातीचा. आणि ओल्या काठावर अजिबात न लुकलुकणारा हिरवट ठिपका, ती तिसऱ्याच जातीची मादी. तिला पंख नाहीत. नराला दिसावं म्हणून एका जागी बसून जळत राहते.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या सुनेला नाल्याच्या त्याच वाटेवर साप चावला. वाचली बिचारी, पण महिनाभर पाय टेकवत नव्हता. मी अर्ज लिहिला, घरोघरी जाऊन सह्या घेतल्या आणि नाल्याच्या तोंडाशी खांब उभा राहिला. पांढराफटक लाइट. लोक म्हणाले, मास्तरांच्या पोरीनं काम केलं. मी अशी फुगले, काय सांगू!

आता दिवेलागणीला तिथं मोजायला उभी राहते तर मोजायला अंधारच नाही. वर काहीतरी चमकल्यासारखं वाटतं, कोणत्या जातीचा ते कळत नाही. गेल्या आठवड्यात खांबापासून चार पावलांवर मादी दिसली. तिचा उजेड तो केवढा, हो! तासभर थांबले. एकही नर आला नाही. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच. मी पदराचा आडोसा धरून उभी राहिले, वेड्यासारखी.

खांबावर बटण आहे, माझा हात पोचतो. शेजारच्या सुनेला म्हटलं, "तासभर बंद ठेवू का गं?"

"पाया पडतो काकू, नका करू. मी लेकराले घेऊन येतो तिथून. मले अजूनही तो साप दिसून राहिला."

मग बटणाला हात लावला नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय बाबा. तुम्ही असता तर काय केलं असतं, तेही सुचत नाही. तिसऱ्या दिवशी मादी दिसली नाही. मी गवत चाचपून पाहिलं.

हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच, म्हणून सांगते. अर्जात मी सापाचं लिहिलं होतं. पण तुम्ही गेल्यापासून त्या वाटेवर अंधारात माझेच पाय लटपटायचे. सुनेला साप चावला नसता, तरी तो खांब मी मागितलाच असता.