दहा सेकंदांचं स्वातंत्र्य

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाचं डोकं कसं चालतं, ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

साहेबांनी बसस्टॉपवरच्या स्क्रीनचं काम माझ्याकडे दिलं. पुढची बस किती मिनिटांत, एवढंच दाखवायचं. आत हाताच्या पंजाएवढा बोर्ड, त्यात लिनक्स. त्या लिनक्सला जागं करणारं फर्मवेअर कोणतं घ्यायचं, ते मी ठरवायचं. वीज आली की सगळ्यात आधी तेच उठतं. म्हणजे घरात जसा मी. ही म्हणते घरात मी सगळ्यात शेवटी उठतो. विषय तो नाही.

टीम हेडची जागा रिकामी आहे. पहिला स्क्रीन नीट चालला की नाव जाहीर करणार म्हणे. त्यात जाहीर करण्यासारखं काय उरलंय कोण जाणे.

४ मार्च
सासूबाई आमच्याकडेच असतात. गुडघा गेलाय. व्यायामाला दवाखान्यात जायचं तर रोज सकाळी बस, आणि स्टॉपवर बसायला बाक नाही. त्यांना शब्द दिला की पहिला स्क्रीन आपल्या घरासमोरच लावतो. गॅलरीतून आकडा बघायचा आणि बस यायला आली की मगच खाली उतरायचं. लागेल तेव्हा बघू, असं म्हणाल्या.

५ मार्च
शेजारच्या टेबलावर टेस्टिंगवाली बसते. फारशी बोलत नाही, बोलली की माझं काम कमी करू बघते. तिचं म्हणणं, बोर्डासोबत आलेलं यू-बूट नावाचं फर्मवेअरच ठेवा. हल्ली ते पीसीसारखं यूईएफआय पद्धतीनंही लिनक्स उठवतं, त्यामुळे लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्त्या, फारशी खटपट न करता चालतात. फक्त लिनक्स उठवण्याआधी ते करतं ती उलटी मोजणी शून्यावर आणा.

सोबत आलेलं वापरायचं. म्हणजे मग मला पगार कशाचा?

ठराव: निवड शास्त्रशुद्ध करायची. तक्ता करायचा.

११ मार्च
तक्ता जोरात. रंग ठरले.

१४ मार्च
साहेबांनी विचारलं, कुठवर आलंय. शेवटच्या टप्प्यात, असं सांगून वेळ मारून नेली. तक्त्यात ‘भविष्य’ असा एक रकाना घातलाय. त्यात काय भरायचं ते कुणालाच माहीत नसल्यानं जरा वेळ लागतोय.

१९ मार्च
पीसीत असतं तसलं भलंमोठं यूईएफआय स्वतः बनवून बोर्डात भरलं. चालू केलं. स्क्रीनवर काहीच आलं नाही. इतक्या वेगानं बूट झालं असावं की डोळ्याला दिसलं नाही.

२० मार्च
वेग नव्हता. बोर्ड गेला होता. टेस्टिंगवालीनं मेमरी कार्डावरून जुनं यू-बूट परत भरून त्याला शुद्धीवर आणलं. तिला सांगितलं की बोर्डाची सहनशक्ती मुद्दामच तपासली. ती आपल्या कामाकडे वळली. पटलं असणार.

२४ मार्च
निर्णय झाला. यू-बूट. आधी ते नुसतं सोबत आलेलं होतं, आता निवडलेलं आहे. हा फरक सगळ्यांना कळत नाही.

उलटी मोजणी मात्र ठेवली. दहा सेकंद. तेवढ्यात जोडलेल्या लॅपटॉपचं कोणतंही बटण दाबलं की बोर्ड थांबतो आणि इंजिनिअरच्या हुकमाची वाट बघतो. प्रश्न तत्त्वाचा आहे. इंजिनिअरला स्वातंत्र्य हवं.

टेस्टिंगवालीनं विचारलं, स्टॉपवर बटण दाबायला कोण जाणार? शिवाय लॅपटॉप जोडायची तार तिथे मोकळी लोंबणार. मोकळ्या तारेत आजूबाजूच्या विजेची खरखर शिरते आणि बोर्डाला वाटतं, कुणी बटण दाबलं. मी हसलो. माझ्या टेबलावर लॅपटॉप जोडून कितीदा तरी चालू केला, एकदाही अडला नाही.

३० मार्च
स्क्रीन लागला. लॅपटॉप जोडून चालू केला, आकडे दिसले, लॅपटॉप काढून घेतला. सासूबाईंनी गॅलरीतून पाच वाचले आणि पाचव्या मिनिटाला बस हजर. जावई हुशार आहे हो, असं हिला म्हणाल्या. मी आतल्या खोलीत होतो. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

स्टॉपची वीज रात्री बंद होते, पहाटे येते. त्यात काही विशेष नाही.

३१ मार्च
होतं.

पहाटे वीज आली तेव्हा बोर्ड एकटा. तारेत खरखर शिरली, बोर्डाला बटण दाबल्यासारखं वाटलं, तो थांबला. सगळा स्क्रीन काळा आणि त्यावर यू-बूटचा => असा बाण, म्हणजे साहेब, पुढचा हुकूम द्या. लांबून दिसावीत म्हणून अक्षरं मीच मोठी करून ठेवली होती. बाणाचं टोक बरोबर रस्त्यापलीकडे.

आज बस समोरच्या बाजूनं असं समजून अख्खी रांग रस्ता ओलांडून गेली. सासूबाईंनी ते गॅलरीतून पाहिलं, जिना उतरल्या, काठी टेकत पलीकडे पोचल्या. बस नेहमीच्याच बाजूला आली, थांबली आणि रिकामी निघून गेली.

ही चिडली. दहा सेकंदांचं सगळं दोघींना सांगावं लागलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या की जावईबापूंनी बाण दाखवला म्हणून गेले. गुडघा केवढा सुजलाय. मी बर्फ धरून बसलो. लाज वाटली.

२ एप्रिल
टेस्टिंगवाली स्टॉपवर गेली, मोजणी शून्य केली, बोर्डाचं त्या तारेकडे लक्षच जाणार नाही असं करून आली. मी नेलेला चहा गरम होता तोवर काम संपलं. टीम हेड तीच. अभिनंदन केलं आणि तक्ता तिच्या हवाली केला. तिनं तो उघडला नाही.

९ एप्रिल
स्क्रीन मिनिटाची चूक करत नाही. सासूबाई त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. बस कोपऱ्यावर खरोखर दिसली की जिवंत माणसानं खालून हात करावा, तरच उतरेन, असं त्यांनी हिला सांगितलंय. ही म्हणाली, एवढं तर जमेल ना यांना.

त्यामुळे घरात सगळ्यात आधी आता मीच उठतो. स्क्रीनखाली उभा राहतो, कोपरा बघतो, गॅलरीकडे हात करतो. ऑफिसात याला फील्ड टेस्टिंग म्हणतात.

आज बस कोपऱ्यावर आली तरी मी आकडाच बघत राहिलो. सासूबाईंनी वरून मोठ्यानं विचारलं की दहा सेकंद मोजून झाले का. रांगेतल्या सगळ्यांनी आधी वर बघितलं, मग माझ्याकडे. मी हात केला.