हात न टेकता

६ एप्रिल, सोमवार
न्हाणीत घसरलो त्याला आठवडा झाला. लागलं काही नाही. पण रवीने, आमच्या चिरंजीवांनी, फर्मान काढलं: यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सुमनआत्याला आणायला एकट्याने जायचं नाही. मला सुट्टी नाही, यंदा राहू द्या. राहू द्या म्हणे! बहिणीचं लग्न झाल्यापासून दर आखाजीला तिला माहेरी आणायला मीच जातो. मी नाही गेलो तर ती कुणाकडे बघणार? भांडलो. शेवटी म्हणाला, "जमिनीवरून हात न टेकता उठून दाखवा, मग खुशाल जा धुळ्याला." गेलो उठायला. उताणं झुरळ. शी!

७ एप्रिल
सुनेने सोसायटीच्या हॉलात म्हाताऱ्यांच्या व्यायामाच्या वर्गात नाव घातलं. सकाळी साडेसहा. बामचा वास, पिवळी नखं, ढेकरा. शिकवणारी बाई, बेन म्हणायचं तिला, गुजराती पोरगी आहे. एक पाय उचलून ठेवायला पाच श्वास! बारा-बारा तास उभ्याने कापडाचे लूम चालवले मी, आणि ही मला उभं राहायला शिकवणार. दगाही आलाय, पांडेसऱ्याच्या लूम कारखान्यातला जुना जोडीदार. त्याला म्हटलं, काय हे थेर? म्हणे, "गुमान कर. तुले बहीण आणनी शे ना?"

९, गुरुवार
आज तर हद्द झाली. बेन म्हणाली, "आँख बंद." लूमच्या खडखडाटात कान गेले, आम्ही सगळे कारीगर ओठ बघून बोलायचो, अजून तसंच चालतं. डोळे मिटल्यावर डोंबल कळणार! पण मिटले. भार या पायावर, त्या पायावर. किती वेळ कोण जाणे. उघडले तर सगळे चटईवर बसलेले आणि मी एकटा मधोमध डोलतोय. बेनसुद्धा पदराआड हसली. थू असल्या वर्गावर. पुन्हा पाय ठेवणार नाही.
जिन्यात दगा तोंड समोर आणून म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी धरलेली. तू भिंत धरली नव्हतीस."

१२, रवि.
गेलो. (झक मारत.) बेन आता "आँख बंद" म्हणण्याआधी माझ्या खांद्याला बोट लावते. ही कीव जास्त किळसवाणी.
घरी उठून दाखवलं. रवी: "हात टेकला." मी: "बोट टेकलं." रवी: "बोट हाताचंच ना, बाबा?" वकील झाला असता तर बरं.

१४
सुमनचा व्हिडिओ कॉल. नेहमी फोन नाकाला चिकटवते, मला वाटायचं गावंढळ. आज हातातून निसटला. खाली पाय दिसले, सुजलेले. शेजारी वॉकर.
"केव्हापासून?"
"दिवाळीपासून."
बोललीच नाही इतके दिवस. डोकंच फिरलं. माझा, तिचा, सगळ्यांचा राग आला. काही बोलणार तर तीच म्हणाली, सावकाश, ओठ नीट हलवून, "दादा, तू येशी ना? तुन्हा खांदा धरीसन एसटीमा चढसू. दुसऱ्या कोनले हात लावू देत नही मी."
येतो म्हटलं. रवीला वॉकरचं सांगितलं नाही.

१६, गुरु.
वर्ग सुटल्यावर दगाला थांबवलं. म्हटलं, माझ्या खांद्याला लटक. पूर्ण भार दे. मी एक पाय उचलतो.
"येडा झाला का?"
"लटक."
दोघं घामाने थबथबलेले, त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास. किती ओंगळ दिसलो असू. सात श्वास टिकलो. आठव्याला दोघंही चटईवर.
बेन दारातून बघत होती. हसली नाही. आली, शेजारी उभी राहिली, बोटांनी खुणावलं: गुडघा थोडा वाकवा.
परवा निघायचंय. रवीपुढे अजून बोट टेकतंच. एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याएवढी उंच आहे, आज डेपोत जाऊन मोजून आलो.