कुकारो

आये, गेल्या आठवड्यात नागपूरला जाऊन आलो, तुझ्या नातीला आणायला. तू तिला पाहिलं नाहीस. तिचं तोंड तुझ्यावर गेलंय, पण ते सांगायला आता घरात कुणी नाही. तिच्या आईचं आणि माझं पटलं नाही. ती पोरीला घेऊन माहेरी गेली, मी मालवणातच राहिलो. मे महिन्याची अर्धी सुट्टी पोर माझ्याकडे असावी असा कोर्टाचा हुकूम आहे, पण दर वर्षी काहीतरी निघतं, कधी ताप, कधी शिबिर. शेवटी पुन्हा अर्ज केला, तेव्हा पोलिसांना सोबत न्या म्हणून कोर्टाने लिहून दिलं. दार तिच्या आईने उघडलं. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "ती मावशीकडे गेलीय." आणि मला तुझा आवाज ऐकू आला.

आपल्या पडवीत तू उभी आहेस. बाबा मुंबईहून आलेत. तुम्ही वेगळे झालात तेव्हा गावातल्या जाणत्यांनी ठरवून दिलं होतं, सुट्टीत मुलगा बापाकडे. तू मला भाताच्या रिकाम्या कणगीत बसवलंयस, वर सूप झाकलंयस. बाबांनी विचारायच्या आधीच तू म्हणतेस, "तो मामाकडे गेलोहा."

"परत? गेल्या वर्षी पण तो मामाकडेच होतो. मामान दत्तक घेतल्यान काय?"

बाबा हसले, पण आत आले नाहीत. दारापुढच्या खळ्यात उभं राहून त्यांनी कुकारो घातला. शेताच्या पलीकडून मला जेवायला बोलवायचे तोच, लांब, शेवटी वर चढणारा. तो ऐकला की असू तिथून ओ द्यायची, हे त्यांनीच मला शिकवलेलं. कणगीत कोंडा नाकात जात होता. थोड्या वेळाने त्यांच्या चपलांचा आवाज पाणंदीतून लांब गेला.

नागपूरच्या त्या दारात पोलीसबाई हळूच म्हणाल्या, "आत जाऊन पाहू का भाऊ? ऑर्डर हाय तुमच्याजवळ." टेबलावर पेल्यातल्या दुधाचा फेस अजून विरत होता. आतल्या खोलीचं दार बंद. लपलेलं मूल कसं गप्प असतं ते मला ठाऊक आहे. हुकुमाने ते दार उघडलं असतं, आणि पोरीने सगळ्यात आधी खाकी कपडे पाहिले असते. मी म्हणालो, "नको. घरात नाहीये ती." तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

खाली आल्यावर मात्र राहवलं नाही. इमारतीसमोर उभा राहून मी कुकारो घातला. रविवारी फोनवर घालतो, तेव्हा पोर लगेच ओ देते आणि म्हणते, "बाबा, कोल्ह्यासारखं वाटतं." वॉचमन धावत आला, "कोणाले बलावता जी?" वर पडदासुद्धा हलला नाही.

तेव्हापासून संध्याकाळी देवळात उभा राहतो, पण गाऱ्हाणं घालायला शब्द सुचत नाहीत. कोणाचं मन फिरव म्हणून सांगू? घरी दिवा लावताना खळ्यातून कुकारो ऐकू येतो. तो बाबांचा की माझा, ते कळत नाही.

हे पत्र जाणार कुठे? देव्हाऱ्यात ठेवीन. एक तेवढं तुला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कणगीत मी ओ दिली होती गो, ओठ मिटून. सुपाबाहेर गेली नाही ती.