माझ्या फोल्डरची मालकीण

चि. मेहुणेबुवांस,

विषय : नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर स्वतःचाच फोल्डर न उघडणेबाबत.
संदर्भ : तू पाठवलेला पेनड्राइव्ह.

तुझ्या भाऊजींचे भरघोस आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. पुढचं वाचून खरं काय ते तुझं तू ठरव. तुझी कंबर कशी आहे? मागच्या वेळी फोनवर बोलता बोलता तू खुर्चीतून उठलास, तो आवाज मला इथे ऐकू आला. तुझ्या सौभाग्यवतींचा गुडघाही कुरकुरतोय असं कळलं. तिला म्हणावं, जिने चढउतार कमी कर. (तू आपल्या मनाने सांगू नकोस, हे पत्र वाचून दाखव, म्हणजे राग माझ्यावर निघेल.)

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू चमकला असशील. अक्षर लागलं नाही तर भिंग घे. मी याच अक्षरात एकतीस वर्षं शेरे मारले आणि ते लागत नाहीत म्हणून कुणाचं काही अडलं नाही. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं तीन खोल्यांत ऐकू जातं, आणि यातलं काही तुझ्या ताईच्या कानावर जाऊन उपयोगाचं नाही. राहता राहिला कॉम्प्युटर. तो आहे, चालू आहे, तुझी नवी सिस्टीम त्यावर छान बसली आहे, फक्त तो मला आत घेत नाही.

आता पहिल्यापासून सांगतो. तुझ्या दोन पानी सूचना मी तीनदा वाचल्या (दुसऱ्या पानावर क्रमांक नव्हता, तो मी घातला) आणि रविवारी सकाळी आंघोळ करून यंत्रासमोर बसलो. तू म्हणाला होतास पोरखेळ आहे, आणि होताही. जुनी सिस्टीम गेली, नवी आली, माझं सगळं लिखाण दुसऱ्या डिस्कवर सुखरूप राहिलं, कुठे खुट्ट झालं नाही. मग यंत्राने विचारलं की मुख्य वापरकर्ता कोण, सगळे अधिकार त्याला मिळतील. इथे तुझा भाऊजी हेडक्लार्क होता हे विसरू नकोस. अर्ज करणाऱ्याने स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करायचा नाही, हा आमच्या ऑफिसचा पहिला नियम. साहेब महिनाभर दौऱ्यावर होते तेव्हा मी ताप अंगावर काढला, पण स्वतःच्या रजेवर स्वतः सही केली नाही. असा माणूस स्वतःलाच सगळे अधिकार कसे देईल? मी तुझ्या ताईला स्वयंपाकघरातून हाक मारली, मुख्य वापरकर्ता म्हणून तिचं नाव घातलं, पासवर्ड तिलाच टाकायला सांगितला आणि ती टाकत असताना सभ्यपणे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मग माझ्यासाठी दुसरं, साधं खातं उघडलं. तुझ्या सूचनांत ‘पहिलं खातं स्वतःच्या नावाने उघडा’ असं ठळक अक्षरात होतं, हे मान्य. पण ते मला तत्त्वाला धरून वाटलं नाही.

दुपारी प्रिंटर जोडताना यंत्राने मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड मागितला, तुझी ताई आली, टाकून गेली, प्रिंटर सुरू. मी तिला म्हटलंसुद्धा की कारभार असा हवा. सोमवारी मी ‘एकतीस वर्षं’ हा फोल्डर उघडायला गेलो (माझ्या आठवणींचं पुस्तक, चार वर्षांची मेहनत, तुला ठाऊक आहेच), तर त्यावर एक इवलंसं कुलूप. दाबलं, तर यंत्र म्हणालं : ‘आपणांस हा फोल्डर उघडण्याची परवानगी नाही.’ खरं सांगतो, पहिल्यांदा मला कौतुकच वाटलं. कारण नाही, दिलगिरी नाही, कुणाला भेटायचं तेही नाही. माझ्या हाताखाली असा एक कारकून असता तर मी दोन वर्षं आधी निर्धास्त निवृत्त झालो असतो. मग ध्यानात आलं की ज्याला नकार मिळाला तो मी आहे. फोल्डरची माहिती उघडून पाहिली, तर ‘मालक’ या शब्दापुढे तुझ्या ताईचं नाव.

मंगळवारी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मी त्याला खुर्ची दिली, तो बसला, त्याने पाहिलं आणि तो हसला. म्हणाला, यंत्र माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतं. पहिलं खातं ज्याचं, त्याला एक ठरावीक क्रमांक मिळतो. जुन्या सिस्टीममध्ये पहिला मी होतो. आता पहिली ती. फोल्डर त्या क्रमांकाच्या नावावर होता, तो तसाच तिच्याकडे गेला. बदलीवर आलेल्या माणसाला खुर्चीबरोबर कपाटाच्या किल्ल्याही मिळतात, तसंच हे. ‘काही कठीण नाही,’ तो म्हणाला, ‘काकूंनी पासवर्ड टाकला की एका मिनिटाचं काम.’

काकूंनी पासवर्ड टाकला असता, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण त्याच सकाळी छापखान्यातून ऋणनिर्देशाच्या पानाचं प्रूफ आलं होतं. (ते पान मी आधीच धाडलं होतं. आभार लवकर उरकावेत, नाहीतर माणसं वाढत जातात.) मी आंघोळीला गेलो होतो, म्हणून पाकीट तुझ्या ताईने उघडलं. त्यात त्रेचाळीस आभार आहेत. पाचही साहेब आहेत, माझ्या टेबलावर पाणी ठेवणारा शिपाई आहे, ज्याने एकही कागद गहाळ केला नाही ते लोखंडी कपाट आहे, डोक्यावरचा पंखा आहे, पेनड्राइव्हबद्दल तूही आहेस. तुझी ताई नाही. तिने बोट ठेवून ठेवून मोजलं आणि काही बोलली नाही. लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या माणसाला ‘काही बोलली नाही’ म्हणजे काय ते समजतं. माझी पाचावर धारण बसली आणि मी बोलून गेलो की अगं, तुझं नाव आभारांच्या यादीत कसं मावेल, तुझ्यावर तर शेवटचं अख्खं प्रकरण आहे! ती म्हणाली, ‘दाखवा.’

आता ते दाखवायचं तर फोल्डर उघडायला हवा, फोल्डर उघडायचा तर पासवर्ड हवा, आणि ती म्हणते, ‘आधी प्रकरण, मग पासवर्ड.’ मेहुणेबुवा, दाखला आणा म्हणजे अर्ज घेऊ आणि अर्ज द्या म्हणजे दाखला मिळेल, हा पेच मी जन्मभर लोकांना घालत आलो. खिडकीच्या पलीकडून तो कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. फार वाईट दिसतो. मी तिला रीतसर लेखी अर्ज केला, विषय घातला, संदर्भ घातला आणि तिच्या चष्म्याच्या घराखाली ठेवला. संध्याकाळी तो माझ्या ताटाशेजारी परत आला. त्यावर माझ्याच लाल पेनाने शेरा होता : ‘प्रकरण सोबत जोडलेले नाही. परत.’

बुधवारी तिला दया आली असावी. दुपारी स्वतःहून येऊन यंत्रापुढे बसली, कीबोर्डवर टॉवेल पसरला, टॉवेलाखाली हात घातले आणि पासवर्ड टाकला. यंत्र म्हणालं, चुकीचा. असं तीनदा झालं. मग टॉवेलाची घडी करत म्हणाली, ‘मी माझं काम केलं, आता तुम्ही आणि तुमचं यंत्र.’ मुद्दाम चुकीचा टाकते रे ती, आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाही. अशी बाई आमच्या ऑफिसात असती तर मंत्र्याच्या चिठ्ठ्याही परत गेल्या असत्या.

गुरुवारी मी स्वतःच कंबर कसली. दुरुस्तीवाल्याने परवानग्या द्यायच्या-काढायच्या आज्ञांचा एक कागद दिला होता. कुठलाही विभाग ताब्यात घेतला की आधी सगळ्यांसाठी सगळं बंद करावं आणि मग ज्याला जितकं लागेल तितकं उघडावं, ही माझी जुनी पद्धत. तिच्या फोल्डरला हात लावता येत नव्हता, म्हणून सरावासाठी माझ्या नव्या खात्याचा फोल्डर घेतला आणि त्यावरच्या सगळ्यांच्या सगळ्या परवानग्या काढल्या. यंत्राने हूं की चूं केलं नाही. समाधानाने यंत्र बंद केलं आणि चहा घेतला. परत येऊन चालू केलं, माझा पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि मी पुन्हा दाराबाहेर. वीस वेळा टाकला, वीस वेळा बाहेर. ‘सगळ्यांच्या’ यात मीही आलो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्यांना निलंबित करायची धमकी मी पुष्कळदा दिली, प्रत्यक्षात निलंबित झालेला पहिला माणूस मीच. अपील करावं तर अपिलाची अधिकारी स्वयंपाकघरात कांदा चिरत बसलेली.

छापखान्याला पंचवीस तारखेपर्यंत पुस्तक हवं आहे. महिनाअखेर आमची जुनी मंडळी जमणार आहेत, आमचे पहिले साहेबही येणार आहेत. त्यांना आता दिसत नाही, पण तू वाच, मी ऐकतो, असा त्यांचा निरोप आहे. तरीही खरं सांगू? पुस्तक एक वेळ राहिलं तरी चालेल. ही जेवायला वाढते, औषधाची गोळी न विसरता पुढे ठेवते, पण बोलते ती भिंतीवरच्या कॅलेंडरशी. ‘भात अजून हवा का, विचारा त्यांना,’ असं कॅलेंडरला म्हणते. मला हे सोसवत नाही. तेव्हा कंबरेला पट्टा बांध आणि मिळेल त्या गाडीने ये.

तुझा (सध्या अधिकारशून्य)
भाऊजी

ता. क. : एक बारीकसा मुद्दा राहिला. ते शेवटचं प्रकरण अजून लिहिलेलं नाही. पुस्तकात चौदा प्रकरणं आहेत आणि चौदावं निरोपसमारंभाच्या हाराशी संपतं. तेव्हा तू आल्यावर फोल्डर उघड, तिला काहीतरी निमित्ताने बाहेर ने आणि मला दोन तास दे. कॉम्प्युटरची तारीख मागे नेता येते, असं तूच एकदा म्हणाला होतास. प्रकरणावर गेल्या वर्षीची कुठलीही तारीख पडली म्हणजे झालं. एकतीस वर्षांत मी एकाही कागदावर मागची तारीख घातली नाही, साहेबांनी सांगूनही घातली नाही. ही एकदाच घालणार आहे.

ता. क. २ : वाचून फाडून टाक. तुझी ताई बाजारात निघालीच आहे, पाकीट टपालात टाकायला तिच्याकडेच देतो. चिकटवलेलं पाकीट ती फोडणार नाही, तेवढं तत्त्व तिलाही आहे.

अरे, मी ताई. पाकिटाचा डिंक ओला होता, आपोआप उघडलं, तेव्हा तत्त्वाचं काही बिघडलेलं नाही. पासवर्ड मी मुद्दाम चुकवत नाही. त्या रविवारी हे भिंतीकडे तोंड करून उभे होते, मला काही सुचेना, म्हणून हातात जो डबा होता त्याच्यावरच्या चिठ्ठीत होतं ते टाकलं. सोमवारी डबा घासला, चिठ्ठी गेली. तेव्हापासून टॉवेलाखाली नुसती बोटं फिरवते. इतक्या विश्वासाने दिलेलं काम, दुसऱ्या दिवशी विसरले असं कुठल्या तोंडाने सांगू? शेवटचं प्रकरण नाही हे मला मंगळवारीच ठाऊक होतं. चार वर्षं दुपारी यांचा डोळा लागला की मी रोज लिहिलेलं वाचत आले आहे. चौदाही प्रकरणं वाचली, पंखा मला आवडला. तू लवकर ये आणि त्यांना आत बसव, दार मी बाहेरून ओढून घेते. दोन तास पुरायचे नाहीत, चार दे. तेवढी मागची तारीख मात्र घालू देऊ नकोस, त्यांना ती जन्मभर टोचेल. मला ते लिहितील त्या दिवशीची चालेल.