सासूबाईंचे दात आणि माझा केक

मंगळवार, ४ मार्च

सासूबाई म्हणाल्या, "छान झालाय."

मी हातात सुरी तशीच धरून उभी! छान झालाय? माझा केक? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या हातच्या कशालाही या बाईंनी छान म्हटलेलं नाही. पहिल्या चहाला म्हणाल्या होत्या, "रंग तरी आलाय." ते आजवरचं सगळ्यात मोठं बक्षीस. आणि आज — छान! तेही रुमालाआडून, खाली बघत, परक्या घरी आल्यासारखं.

केक छान झालेला नव्हता. लिहूनच ठेवते, उगाच भ्रम नको. मी दिवसभर कवळ्या करते. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवतात, मी मागच्या खोलीत बसून प्लास्टरचे साचे ओतते, मेणात दात बसवते, घासूनपुसून परत पाठवते. साच्यात बुडबुडे राहू नयेत म्हणून माझ्याकडे एक थरथरणारं मशीन आहे. आज केकचं पीठ भांड्यात ओतलं, वर बुडबुडे दिसले — आणि हाताने आपोआप ते भांडं नेऊन मशीनवर ठेवलं! सवय. बुडबुडे झाडून सगळे निघाले. मला काय अभिमान! भाजून झाल्यावर कळलं की केकला ते हवे असतात. बेदाणे आणि अक्रोड तळाशी गोळा, वर नुसता पिवळा ठोकळा. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. माझ्या केकचा नंबर दोघांच्या मध्ये कुठेतरी.

एरवी यावर आठवडाभर ऐकावं लागलं असतं. आज त्यांनी तुकडा चहात बुडवला, हिरड्यांनी कसाबसा चघळला आणि छान म्हणाल्या. मला खरंच भीती वाटायला लागली आहे.

बुधवार, ५ मार्च

आजही टोमणा नाही. नवरा म्हणतो, "मग सुखात राहा की!" याला काय कळतंय.

शुक्रवार, ७ मार्च

जानेवारीत त्यांचे उरलेसुरले सगळे दात काढावे लागले. त्याचं इतकं नाही. पण तेव्हापासून त्या त्या राहिल्याच नाहीत. रविवारी दुपारी चारला त्यांचा चहा असायचा — पोस्टातल्या मावशी, समोरच्या मास्तरीणबाई आणि विणकामवाल्या काकू. सासूबाई स्वतः सुक्या मेव्याचा लांबट केक करायच्या, सुरी जाईल तिथे अक्रोड! चौघी मिळून अख्ख्या गल्लीची सालं काढायच्या. आता चहा बंद. "मला बरं नाही म्हणून सांग." दातांचं कुणाला कळता कामा नये. घरात आम्ही दोघं आणि डॉक्टरीणबाई, बस्स. चौथ्या कानाला खबर नाही.

त्यांची कवळी मीच केली. दुसऱ्या कुणाच्या हाती देईन होय! आयुष्यात केली नसेल इतकी सुंदर केली. सरळ, पांढरे, मोत्यांसारखे दात. त्यांनी एकदा घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहेत गं. कुणाचे आहेत?"

मी खूश! म्हटलं, आला टोमणा, बाई माणसात आली! पण टोमणा नव्हताच तो. खरंच विचारत होत्या. मग कवळी काढून वाटीतल्या पाण्यात ठेवली आणि वर झाकण घातलं. अजून तिथेच आहे.

नवरा म्हणतो, चणे आहेत तर दात नाहीत, आपल्याकडे चणेही आहेत आणि दातही, पण दात वाटीत. आणि स्वतःच दात काढत बसला. आईचंच पोर!

रविवार, ९ मार्च

चारला बेल वाजली. पोस्टातल्या मावशी. सासूबाई दाराआड उभ्या राहून मला हातवारे करताहेत — नाही म्हण, नाही म्हण!

"आई झोपल्यात," मी म्हटलं.

"चार वाजता? ती?" मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच झोप आली. "बरं. सांग तिला, पुढच्या रविवारपासून आम्ही तिघी माझ्याकडे बसतो. आमचा कंटाळा आला असेल तर तसं तोंडावर सांगायचं होतं. इतक्या वर्षांत तिने कुणाची भीड ठेवली आहे?"

आणि गेल्या. रागावून नाही, वाईट वाटून. ते जास्त वाईट.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. तशाच आत जाऊन खुर्चीत बसल्या. रात्री जेवल्याही नाहीत. मैत्रिणी गेल्या तर ही बाई त्या खुर्चीत बसल्या बसल्या सुकून जाईल. मला ती तशी नको आहे. मला माझी खडूस सासू परत हवी आहे — लिहिताना हसू येतंय, पण खरं आहे.

मंगळवार, ११ मार्च

युक्ती! प्रेमाने विचारून बघितलं, काळजीने बघितलं. आता छळून बघायचं.

मुद्दाम त्यांच्या डोळ्यांदेखत केक करायला घेतला. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची खुर्ची. मी लोणी न फेटताच साखर ओतली. त्या गप्प. अंडी एकदम फोडून टाकली. गप्प, पण खुर्चीचा हात घट्ट धरलेला. बेदाणे तसेच ओले घातले. रुमालाआड काहीतरी पुटपुटल्या. मग केक ओव्हनमध्ये गेला आणि फुगायला लागला न लागला तोच मी ओव्हनचं दार सताड उघडलं आणि म्हटलं, "बघू या तरी कसा दिसतोय!"

"अगं ए! दार! दार लाव! बसेल तो! शुद्धीवर आहेस का?"

रुमाल जमिनीवर! दात नसल्याने शब्द घसरत होते, पण धार तीच. मी दार लावलं आणि त्यांच्याकडे बघून हसले. त्यांना कळलं. रुमाल उचलून पुन्हा तोंडावर.

"नाटकी," रुमालाआडून म्हणाल्या.

केक बसलाच. पण आज मी जिंकले.

शुक्रवार, १४ मार्च

आज अक्रोड चिरत होते. त्यांना बघवेना. "भुगा करतेयस. दे इकडे." सुरी काढून घेतली. हात काय सफाईने चालतात अजून!

हात चालू असताना माणूस बोलतं. म्हणून विचारलं, "आई, कवळी टोचते का?"

"नाही."

"मग?"

त्यांनी आणखी दोन अक्रोड चिरले. मग म्हणाल्या, "माझे पुढचे दोन एकमेकांच्या अंगावर चढलेले होते. लहानपणी भाऊ चिडवायचा. तुझ्या सासऱ्यांनी मला बघितलं तेव्हा मी तोंड मिटून बसले होते. पुढे त्यांनाच ते आवडायला लागले. तू केलेस ते चांगले आहेत गं. पण आरशात बघितलं तर कुणीतरी परकी बाई माझ्या तोंडातून हसत होती."

मोत्यांसारखे दात! कुणी मागितले होते मोती? रोज दुसऱ्यांची तोंडं घडवते मी, आणि जिच्याशी रोज तोंडाला तोंड देते तिचं तोंड नीट बघितलं नाही.

"आणि मैत्रिणींना कळलं तर काय होईल?"

"म्हातारी झाले हे कळेल."

"आई, ते त्यांना माहीत आहे."

"माहीत आहे. दिसलेलं नाही," असं म्हणून त्यांनी सगळा अक्रोड माझ्याकडे सरकवला.

बुधवार, १९ मार्च

जुने फोटो काढले. हसतानाचा एकच सापडला, तोही बाजूने. तो समोर ठेवून मेणात नवे दात बसवले. पुढचे दोन एकमेकांवर चढवले. रंग थोडा पिवळसर घेतला. एकाचा कोपरा घासला.

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. "मुद्दाम वाकडे? लोक माझ्याकडे सरळ करून घ्यायला येतात!"

म्हटलं, "लोकांना माझी सासू नाही."

मेणातले दात त्यांच्या तोंडात बसवून बघितले. सासूबाईंनी आरसा हातात घेतला. खूप वेळ. मान इकडून तिकडून वळवून बघितली.

"डावा अजून थोडा पुढे घे," म्हणाल्या. "उद्धट होता तो."

रविवार, २३ मार्च

कवळी तयार. सकाळी घातली. चहाचा पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला.

"हा चहा आहे की काढा?"

मी त्यांना मिठीच मारली! "अगं, सोड, पडतील!" म्हणून ओरडल्या. नवरा पेपर खाली करून आमच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असणार, दोघींचं डोकं फिरलं.

दिवसभरात टोमण्यांची मागची थकबाकी निघाली. माझे केस, माझा पोळपाट, माझ्या माहेरची बोलायची पद्धत! कान तृप्त झाले. उद्यापासून नको होतील, पण आज झाले.

पण चारला खिडकीत उभ्या होत्या. तिघी समोरून मावशींच्या घराकडे गेल्या. एकीनेही वर पाहिलं नाही.

मंगळवार, २५ मार्च

सराव सुरू. केकचा लहान तुकडा, दोन्ही बाजूंनी चावायचा, पुढच्या दातांनी तोडायचा नाही.

"आता तू मला खायला शिकवणार?"

"हो."

मऊ भाग जमतो. अक्रोड आला की कवळी हलते आणि आवाज होतो — टक्! घरात चालतं. त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र तिघी जणी असतात. प्रत्येक टक्‌ला दचकतात.

बुधवार, २६ मार्च

पोस्टात गेले. तिकिटं घ्यायची नव्हती. मावशींना सांगितलं, रविवारी चारला तिघी या, आईंनी बोलावलंय. मावशींनी शिक्का मारायचं थांबून विचारलं, "तिने? की तू?"

"या तर खरं," म्हटलं आणि पळाले.

घरी येऊन कबूल केलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. सासूबाईंनी एवढंच विचारलं —

"केक कोण करणार?"

"मी."

"मग त्या येतील कशाला?"

हो म्हणाल्या! त्यांच्या भाषेत तो हो आहे, मला आता येते ती भाषा. पण अट घातली — दातांबद्दल चकार शब्द नाही. एखादा शब्द बाहेर पडला तर या घरात त्या तरी राहतील किंवा मी तरी. मी शपथ घेतली. नवऱ्यालाही घ्यायला लावली.

"अक्रोड वगळू का?" मी विचारलं.

"वगळलास तर लगेच संशय येईल. घाल," म्हणाल्या. पण चेहरा उतरला होता.

शनिवार, २९ मार्च

वाट लावली मी! सगळं नीट चाललं होतं. त्या खुर्चीतून सांगत होत्या, मी करत होते. मेवा सुक्या पिठात घोळवला म्हणजे तळाशी जात नाही, हे आज कळलं. ओव्हनचं दार उघडलं नाही. केक असा फुगला की त्या काही बोलल्या नाहीत — मुद्दाम बोलल्या नाहीत.

मग त्या जरा पडायला गेल्या आणि एक तातडीचं काम आलं. मागच्या खोलीत घासायला बसले. मशीनच्या आवाजात ओव्हनची घंटा ऐकूच आली नाही. वास आला तेव्हा धावले. जळला नाही, पण वरचं कवच कडक! लोणी संपलेलं, दुकान बंद.

सासूबाई उठून आल्या. केकवर बोटाने टकटक केलं.

"वाजतोय," म्हणाल्या.

मी रडायच्या बेतात. "आई, मी उद्या येऊ नका म्हणून सांगून येते. तुम्हाला बरं नाही म्हणते."

त्यांनी केककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणखी एखादा टोमणा मारला असता तरी चाललं असतं.

"फडक्यात गुंडाळून ठेव," म्हणाल्या. "थोडा मऊ पडेल."

पडलेला नाही. आत्ताच दाबून बघितला.

रविवार, ३० मार्च

तिघी आल्या. सासूबाईंनी स्वतः केक कापला, पहिला तुकडा स्वतः घेतला, तोही भरपूर अक्रोडाचा. चावला. टक्! सगळ्यांना ऐकू गेलं. मी किटलीकडे बघत बसले. त्या शांतपणे चावत राहिल्या, गिळलं, आणि म्हणाल्या, "घ्या, घ्या. हिच्या केकने दात पडले तर घाबरू नका. दातसुद्धा हीच करते. माझे हिनेच केलेत." आणि आ वासून तिघींना दाखवले — वरचे, खालचे, दोन्ही बाजूंनी! मास्तरीणबाईंनी चष्मा लावून पाहिले. मी आत जाऊन रडले.