आधी तो माणूस, मग लायसन

१२ जून ९६
कालचा हिशेब. मोपेडचा डावा फूटरेस्ट, एक आरसा, हेडलाइटची काच, मडगार्डला पोचा. पार्ट माझ्याच गॅरेजातले, बसवणारा मीच, म्हणून सुमन म्हणाली, निदान पैशाचा खड्डा तरी नाही. पैशाचा नाही. रेणूची कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी गेली. पुढचा दात अर्धा. हनुवटीला चार टाके. टाके घालताना पोरीनं माझा हात धरला नाही, टेबलाची कड धरली.

तळ्याच्या रस्त्यावर, सं. साडेपाच. कॉलेजातून येत होती. मागून मोटारसायकल, वर दोघं. आधी शिट्टी, मग शेजारी येऊन मागच्यानं मोपेडला लाथ. रेणू घसरत गटाराच्या दगडापर्यंत. ते थांबले नाहीत. हसले आणि गेले. चेहरा नाही, नंबर नाही.

१३ जून
ओठ सुजलेला तरी सकाळी बोललीच. "अप्पा, माझी गाडी चाळीसच्या वर जात नाही. ते साठनं येतात. मला गिअर पाहिजे."

तिचं लायसन बिनगिअरचं, सोळाव्या वर्षी माझ्या सहीनं काढलेलं. गिअरच्या लायसनला अठरा पुरी लागतात. ४ जुलैला होतात. म्हणे त्याच दिवशी आरटीओत जाऊन लर्नर काढणार. "आता तुमची सही लागत नाही."

लागत नाही, खरं. गाडी मात्र माझी लागते. मी सांगून टाकलं, आधी तो माणूस सापडू दे, मग लायसन.
"त्याचा आणि माझ्या लायसनचा संबंध काय?"
आतून सुमन, तिची आई : "दोन्ही नको. बस आहे."

तिघांची तीन तोंडं.

१६ जून, रविवार
गॅ. बंद. रेणूला स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला लावले. चेहरा नको, आवाज सांग म्हटलं. दुरुस्तीला आलेल्या सात गाड्या एकेक करून चालू केल्या. स्वल्प जास्त रेस, स्वल्प कमी. पहिल्या पाच नाही. सहावी, सायलेन्सरची जाळी काढलेली टू-स्ट्रोक, तिथं तिच्या मानेवर काटा आला. मी बघितला.
"असा. पण आत अजून काहीतरी टकटक होत होतं."
मी हातोडीनं एका पाइपावर हलकं वाजवलं. असं?
"असंच काहीतरी. अप्पा, मला खात्री नाही."

खात्री मला आहे. जाळी काढलेली टू-स्ट्रोक आणि पिस्टनपिनचं बेअरिंग गेलेलं. अशी गाडी या बाजूच्या तीन वस्त्यांत मिळून एखादीच. झाडाखाली एक पंप आणि पाण्याची बादली घेऊन बसलो होतो, आज चार माणसांना पगार देतो, ते या दोन कानांवर. गल्लीच्या तोंडाशी गाडी असताना तिचं दुखणं सांगतो, आजवर इंजिन उघडून मी खोटा पडलेलो नाही. लिहून ठेवतो.

२० जून
तळ्याच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर चार दिवस बसतोय, पाच ते सात. चहावाला म्हणतो, अण्णा, घरी चहा बंद झाला काय? हसलो. लोक म्हणतात अण्णाच्या तोंडात साखर आहे. पिशवीत मोठा पाना आहे. काम करताना पाना हातात आला की त्याचं वजन बघतो. कुठं मारायचा तेही ठरलंय. गुडघ्यावर. लाथ मारणाऱ्याचा गुडघा.

रेणू बसनं जाते. काल बसमध्येही कोणीतरी... सांगितलं नाही. ओढणीचं टोक फाटलेलं दिसलं. सुमननं शिवलं, माझ्याकडे न बघता.

२८ जून
सापडला.

पावणेसहा. गाडी वळणापलीकडे असतानाच ऐकू आली. जाळी नाही, आत टकटक. उठलो, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. एकटाच होता, एकोणीस-वीसचा, कॅरियरला बेकरीच्या पावाचा ट्रे बांधलेला. मला बघून त्यानं गाडी वळवायला घेतली. वळवतो कशाला, मनात काही नाही तर? हँडल धरलं आणि कानशिलात दिली. पाना पिशवीतच राहिला, आठवलाच नाही. "पोरीला लाथ मारतोस?" एवढंच मोठ्यानं बोललो, कानडीत.

तेवढं पुरलं. चहाच्या गाड्यावरचे आले, रिक्षा थांबल्या. कोणी विचारलं नाही कुठली पोरगी, कधी. एकानं केस धरले, दुसऱ्यानं पोटात घातली. पावाचा ट्रे उलटा झाला, लोक पावावर उभे राहून मारत होते. पोरगा "नानल्ला अण्णा, नानल्ला" करत राहिला, मी नाही, मी नाही. हे मला उद्देशून, कारण मी पहिला. मी "बिडी, बिडी" ओरडलो, सोडा त्याला आता. कोणी सोडलं नाही. मला कोपरानं बाजूला केलं. मारायची पाळी आता माझी राहिली नव्हती.

गाडीचं हँडल त्याच्या हातावर घालून दाबलं कोणीतरी. हाड मोडलेलं ऐकू आलं. एवढ्या गोंगाटात. सुक्या शेंगेसारखा आवाज.

मग सगळे पांगले. रिक्षात घालून दवाखान्यात मीच नेला. नाव मंजुनाथ. रिक्षावाल्यानं भाडं घेतलं नाही. "पुण्याचं काम आहे अण्णा" म्हणाला.

२९ जून
घरी सांगितलं. सुमन देवापाशी जाऊन बसली. रेणूनं एकच विचारलं, "तो कबूल झाला?"
एवढा मार खाऊन कोण कबूल होईल, म्हटलं.
"एवढा मार खाऊन सगळेच कबूल होतात, अप्पा. हा नाही झाला."

शहाणी आहे. जास्त शहाणी आहे.

२ जुलै
दु. बारा. मंजुनाथचा थोरला भाऊ आला. टेम्पोत ती मोटारसायकल, टाकी चेपलेली, हँडल वाकडं. बरोबर दोघं. गाडी दारात उतरवली आणि सायकलची चेन काढली. पाच वेळा. पाठ, पाठ, खांदा, कान, पाठ. माझी माणसं धावली, मी हातानं थांबवली. आपण घातलेलं आपल्यालाही खाता आलं पाहिजे.

भाऊ म्हणाला, "मोडलीस तू, जोडायची तूच." जाता जाता : "त्या दिवशी तो कुठं होता, एकदा तरी विचारलंस?"
विचारलं नव्हतं. विचारायची गरज पडली नव्हती.

सुमननं हळद लावली. वळ मोजून लावली, आणि जोरात चोळली.

४ जुलै
रेणूला अठरा पुरी. सकाळी देवळात, दहाला आरटीओ. फोटो, अर्ज, रांग. साहेबानं रस्त्यावरच्या खुणा विचारल्या, तिनं पटापट सांगितल्या. लर्नर मिळालं. कायम लायसनच्या टेस्टची तारीख ८ ऑगस्ट.

बाहेर उसाचा रस प्यायलो. मी म्हटलं, बघ, शब्द पाळला, आधी माणूस मग लायसन.
ग्लास खाली ठेवला तिनं. "म्हणजे माझी अठरा झाली म्हणून आला नाहीत तुम्ही. तो पडला म्हणून आलात."
दोन्ही एकाच आठवड्यात झालं, मी काय करू, म्हटलं. हसली नाही.

१४ जुलै, रविवार
शाळेच्या मैदानात शिकवणी. माझी शंभरची फोर-स्ट्रोक. क्लच एकदम सोडते, गाडी उसळते, पडते. सकाळपासून सहादा. पाचव्यांदा पडली तेव्हा उठून गाडीलाच लाथ घातली, दोनदा. त्या लाथेत नक्की कोण होतं कोणास ठाऊक, मीही असेन.

मग चुन्यानं आठचा आकडा काढून दिला. टेस्टला पाय न टेकता तेवढ्यात फिरवायची. बरेच जण आठ सोपा जातो म्हणून आरटीओच्या दारात मोपेड भाड्यानं घेतात, मग शिक्का बिनगिअरचाच पडतो आणि चालवतात मोटारसायकल. मी म्हटलं, असलं आपण करायचं नाही. म्हणाली, "मला शिक्का नको आहे, अप्पा. मला त्यांच्या पुढं जायचंय."

"त्यांच्या" म्हणाली. मी म्हटलं, आता कोणी नाही तिथं. तिनं किक मारली.

२१ जुलै
रेणू परस्पर मंजुनाथला बघून आली. बेकरीच्या मागं राहतात, आई आणि दोघं भाऊ. कोणी हाकललं नाही. आईनं बसायला पाट दिला, म्हणाली, ये अक्का. हिच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी बाई.

डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. क्लच दाबता येत नाही. गिअरचं लायसन त्याला वर्षापूर्वीच मिळालंय, आता बिनगिअरचीच चालवायची म्हणे, तीही कोणी दिली तर.

"तू त्याला विचारलंस का?"
"नाही. त्यानं मला विचारलं. अक्का, तू मला बघितलं होतंस का?"
"मग?"
"नाही म्हटलं. मग त्याची आई कॉफी करायला उठली."

सुमन हे ऐकत भाजी चिरत होती. म्हणाली, "कानानं संसार झाला, आता कानानं कोर्टही चालवा."


२९ जुलै
त्याची गाडी महिना होत आला तशीच दारात. ताडपत्री टाकली आहे. गिऱ्हाईक विचारतं, अण्णा, ही कोणाची? एकाची, म्हणतो. माझी पोरं तिला हात लावायला येतात, मी नको म्हणतो. हँडल सरळ केलं. टाकीचा पोचा काढला. इंजिनाला हात लावला नाही अजून. आधी बाकीची कामं.

रेणूचा आठ आता स्वच्छ येतो. दुसऱ्या गिअरलाही. हनुवटीची खूण पांढरी पडली. दात बसवू म्हटलं तर टेस्ट झाल्यावर, म्हणते.

३ ऑगस्ट
सुमनशी भांडण. तिचं म्हणणं, टेस्ट पुढं ढकला, वर्षभर थांबू, पोर अजून झोपेत दचकते. माझं म्हणणं, दचकते म्हणूनच आत्ता. वर्ष गेलं की भीती हाडात बसते. ती म्हणाली, तुम्ही तिला सांगितलंय ना रस्ता मोकळा आहे म्हणून? त्याच भरवशावर चाललीय ती.
हो, म्हटलं. आणि मोकळा आहेच.
ताट बाजूला सारून उठली. ताटातली आमटी सांडली, कोणी पुसली नाही. शेवटी रेणूनं पुसली, पुसता पुसता म्हणाली, "तारीख आठ आहे. आठलाच जाणार. तुम्ही दोघं मग काय ते ठरवा."

६ ऑगस्ट
टेस्ट परवा. सं. पाचला रेणू मोटारसायकल घेऊन निघाली, पुढं मागं लाल 'एल'. मैदानात नाही, तळ्याच्या रस्त्यानं जाते म्हणाली, एकटी. मी बरोबर येतो म्हटलं. "तुम्ही मागं असलात तर मला कळणार कसं?" सुमननं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, जाऊ दे. रस्ता साफ केलाय मी.

ती गेल्यावर हात रिकामे. मंजुनाथच्या गाडीवरची ताडपत्री काढली. त्याच्या भावाला उद्या देतो असा निरोप धाडलाय. आधी चालू करून बघितली. आवाज तोच. टकटक तीच. बेअरिंग आधीच आणून ठेवलं होतं.

साडेपाचला हेड उतरवलं, मग बॅरल. कनेक्टिंग रॉड धरून हलवला, वरखाली, बाजूला. पुन्हा धुऊन, पुसून, उजेडात नेऊन हलवला. पिस्टनपिन काढून बोटावर फिरवली.

बेअरिंग चांगलं आहे. कुठंही ढिलं नाही. सीटखालच्या टूलबॉक्सात बारा-तेराचा एक पाना सुटा होता, तो वाजत होता. असा पाना कोणाच्याही गाडीत वाजेल.