सिमेंटच्या रंगाचा सोफा

४ फेब्रुवारी

वहिनीस,

स. न. वि. वि. शाळेत एवढंच शिकले, ते लिहिलं. आता कामाचं.

टेम्पोतून तीन ठोकळे पाठवतेय. खोकी समजून जिन्याखाली टाकू नकोस, सोफा आहे तो. आमच्या कारखान्यात सध्या हेच खूळ. डिझायनर बाई म्हणतात, घर ज्याचं बनतं त्याचाच सोफा दिसला पाहिजे. म्हणून कापड हुबेहूब सिमेंटचं, त्यावर स्लॅब ओतताना खाली लावतात त्या सेंटरिंगच्या फळ्यांचे वळसुद्धा विणलेत. आत नुसता फोम. हवे तितके ठोकळे जोडा, हवे तसे मांडा. रंग गडद आला म्हणून गिऱ्हाइकाने परत केले, ते मी मालकाकडून मागून घेतले. खोळी माझ्याच हातच्या आहेत, उसवल्या तर मला शिव्या घाल.

दादाने जन्मभर गवंडीकाम केलं, स्लॅब टाकले ते लोकांच्या घरांत. आता स्वतःच्या घरी बसू दे की स्लॅबवर. तो विसरायला लागलाय म्हणून तू लिहिलंस. लहानपणी मला बाजारात विसरून एकटाच घरी आला होता, तेव्हा काय म्हातारा होता का? उगाच धसका घेऊ नकोस.

माया आहे तेवढी असू दे, वाढव म्हणत नाही.

तुझी नणंद

२० फेब्रुवारी

प्रिय वन्संना,

नमस्कार वि. वि. ठोकळे पोचले. ह्यांनी दारातच त्यावर हात फिरवला, वळ बोटांनी चाचपले, आणि कितीतरी महिन्यांनी हसले. मला वाटलं, औषध सापडलं.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर तांब्या घेऊन सोफ्यावर पाणी मारताहेत. नवा स्लॅब सुकू दिला तर तडा जातो, म्हणाले. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तेच. फोमला वास मारतो. फरशीवर घसरून मी पडता पडता वाचले. कुणी टेकलं तर ओरडतात की कच्चा आहे, वळ उमटतील.

अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था मुलाने पाहून ठेवलीय. पुढच्या महिन्यात जागा होईल म्हणतो. दिवसभर मी एकटीच ह्यांच्यामागे, त्याचंही काही चुकत नाही. पण हो म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुम्ही काय म्हणता?

आमच्यावर तुमचा जीव आहे, तो असाच राहो.

तुमची वहिनी

२६ फेब्रुवारी

वहिनीस,

नमस्कार केला असं समज.

संस्था म्हणे! गवंडी स्लॅबवर पाणी मारतो, त्यात वेड कसलं? मारलं नसतं तर मी घाबरले असते. मेणकापडाच्या खोळी पाठवतेय. त्या फोमवर चढव, वरून सिमेंटच्या घाल, खाली परात ठेव. मार म्हणावं किती मारायचं ते. स्लॅब पक्का झाला की पाणी बंद करतात. तोच तुला त्यावर बसायला सांगेल, बघ. तोवर त्या पोराला गप्प बसव. आणि तू पडू नकोस, तुला कोण उचलणार?

तो माणसं ओळखत नाही असं तू लिहिलेलं नाहीस. म्हणजे ओळखतो. मला तेवढं पुरे.

तुझी नणंद

२२ मार्च

प्रिय वन्संना,

नमस्कार. तुम्ही म्हणालात तस्संच झालं. परवा सकाळी ह्यांनी तांब्या बाजूला ठेवला, ठोकळ्यावर टकटक केली, कान लावून ऐकलं. मग मला हाक मारून बसायला सांगितलं. मी बसले. रडूच आलं, वाटलं, परतले हे.

मग समोर उभे राहून अदबीने म्हणाले, बाई, तुमचं घर तयार झालं, सुखाने राहा. काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा, माझी माणसं दुसरीकडे लागलीत. आणि चपला घालून दाराकडे निघाले.

मुलगा तेव्हाच डबा घेऊन कामावर निघाला होता. ह्यांनी त्याला वाट करून दिली, परक्याला देतात तशी.

मला कसं सुचलं कोण जाणे. बसल्या जागेवरून मी म्हणाले, मिस्त्री, वरचा मजला राहिलाय की. ते थांबले. आधी का नाही सांगितलं म्हणून मलाच झापलं आणि चपला काढल्या. मुलगा डबा धरून तसाच उभा. संध्याकाळी त्याने संस्थेला फोन करून कळवलं की एवढ्यात नको.

हे तुम्हाला लिहायला हात धजत नव्हता. तुम्हाला तरी ओळखतील का, मला सांगता येत नाही. वन्सं, अजून एखादा ठोकळा मिळेल का?

तुमच्या आधारावर असलेली,
वहिनी

२८ मार्च

वहिनीस,

पत्र वाचून मशीनवर बसले, पण शिवण सरळ येईना. तीनदा उसवली. डिझायनर बाईंनी काय झालं विचारलं, त्यांच्यावरही खेकसले.

ठोकळा तयार आहे. मालकाला विचारलं नाही, सांगितलं. मेणकापड या वेळी आतूनच शिवलंय.

तो घेऊन मीच येतेय. पाहुणी म्हणून नाही, राहायला. शिवायचं काम तिकडेही मिळेल. पोराला सांग, आत्या येतेय, खोलीतला पसारा काढ. तू जरा आडवी पडायला शीक.

दादाने ओळखलं तर बरंच. नाही ओळखलं, तर वरच्या मजल्याला पाणी मारायला बाई लागेलच. त्याला म्हणेन, मिस्त्री, मला कामावर घ्या.

तुझी नणंद